पहिल्या पंगतीतला पाट

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवास गेटच्या स्टँडवर इंदूरच्या बससाठी उभी होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बरं झालं, भैरवगढला जाऊन तरी आलो...

काका कॉलेजात इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावरही फ्रीगंजच्या घरी चहाला आलेला माणूस त्यांच्या तावडीतून सुटत नसे. विषय एकच: दूरच्या बेटांवर, उसाच्या मळ्यांतली गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारनं भरपाई दिली ती मालकांना, राबणाऱ्यांना काहीच नाही. त्यांची नातवंडं-पतवंडं अर्ज करत राहिली, मोर्चे काढत राहिली, आता तर देशच्या देश भरपाई मागताहेत. "आणि आधी काय मागतात? चूक कबूल करा!" असं म्हणून काका टेबलावर हात आपटायचे.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत खापरपणजीच्या लग्नाची मोडी यादी निघाली. तांब्याची भांडी, शालू, आणि त्याच ओळीत 'कुणबीण एक, सोनी'. आंदण दिलेली दासी! सोनीच्या वंशातल्या कमलाबाई शहराच्या टोकाला भैरवगढला चादरी छापतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; सोनी आंदणात आली होती, हे मात्र ठाऊक नव्हतं. आमच्या प्रत्येक कार्याला त्या भांडी घासायला यायच्या, शेवटी जेवायच्या, आणि आम्ही कौतुकानं त्यांना 'घरच्याच' म्हणायचो.

अशीच दोन वर्षं गेली. जगाला जाब विचारणारा माणूस, पण त्याचे पाय भैरवगढकडे वळेनात. कमलाबाईंनी दार लावून घेतलं तर, ही त्यांना भीती. शेवटी मी चिडून स्कूटर काढली आणि काकांना मागे बसवलं.

काकांनी यादी दाखवली, माफी मागितली; कमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाऊजी, माफी यहाँ कोने में नहीं. सबके सामने हमारी सोनी का नाम लो. और अब मैं बरतन नहीं माँजूँगी, पहली पंगत में जीमूँगी."

"मेरे बाजू में बैठना," काका म्हणाले. परतताना ते स्कूटरवर चक्क गुणगुणत होते.

पुढचं कार्य त्यांचंच तेरावं निघालं. चुलतभाऊ कुजबुजला, "ताई, या वेळी राहू दे ना." मी ऐकलं नाही. पानं वाढल्यावर उभी राहून ती यादी वाचली, सोनीचं नाव घेतलं, माफी मागितली. कमलाबाई पहिल्या पंगतीत, काकांच्या रिकाम्या पाटावर बसल्या आणि मला एकदम मोकळं वाटलं.

जेवण झाल्यावर त्या सवयीनं मोरीकडे वळल्या, थबकल्या, हसल्या. भांडी मी घासली. काकांचा पाट धुऊन पुन्हा त्याच जागी ठेवलाय. पुढच्या महिन्यात बारसं आहे, आणि भैरवगढला पहिलं बोलावणं गेलंय.