गुरुत्वाकर्षण, मुक्काम पोस्ट मुरुड

फिजिक्सच्या मास्तराला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ‘एक दगड वर फेकला’ एवढं म्हणायचं, की वर्गातून काहीतरी येऊन आदळतंच! उस्मानाबादमधून निघालेला लातूर जिल्हा नवाकोरा होता, पावसानं पाठ फिरवली होती आणि मी मुरुडच्या ज्युनिअर कॉलेजात पोरांना वर-खाली फेकाफेक शिकवत होतो, तेव्हाचे हे.

*

पहिल्याच तासाला सांगितलं, गुरुत्वाकर्षणाचा ‘जी’ म्हणजे नऊ पॉइंट आठ. मागून बालाजी उठला. “सर, ह्ये उस्मानाबादचं का लातूरचं?”

“अरे, दोन्हीकडं सारखंच!”

“म्हंजे जिल्हा बदलला तरी पडायचं ते खालीच!”

*

पुढचं गणित विहिरीचं. दगड सोडला, ‘डुबुक’ आवाज आला, खोली काढा. कुणी पेनच उचलेना.

“काय झालं रे?”

“सर, डुबुक कुठनं आणायचं? आमच्या हिरीत खट्ट वाजतंय!”

‘डुबुक’ पुसलं, ‘खट्ट’ लिहिलं. मग मात्र सगळ्यांनी सोडवलं.

*

सुनंदा कांबळे वर्गात सगळ्यात हुशार. आईवडील रोजगार हमीच्या कामावर, त्यामुळं टँकरचं पाणी भरून यायला तिला रोज उशीर. प्राचार्यांनी फर्मान काढलं, उशिरा येणाऱ्यांनी बाहेर उभं राहायचं. ही खिडकीबाहेरून उत्तरं ओरडायची!

प्राचार्य भडकले. “तुला बाहेर काढलंय ना?”

“हाव सर. पर ‘जी’ बाहेरबी तेवढाच हाय!”

दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्गच बाहेर लिंबाखाली बसवला. प्राचार्यांनी जाब विचारला. म्हणालो, “आज सगळ्यांनाच उशीर झाला, सर!”

त्यानंतर उशीर झाला तरी सुनंदा आतच बसायची.

*

एकदा विचारलं, वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचून क्षणभर थांबला. तेव्हा त्याचं त्वरण किती? वर्ग एका सुरात, “झिरो!”

सुनंदा एकटी उभी. “न्हाई! चेंडू थांबला म्हनून जमीन ओढायची थांबती व्हय?”

*

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. “तुमच्याकडच्या पोरांचं गणित कच्चंच,” हे त्यांनी चहा पितानाच मला ऐकवलं. सुनंदाला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि मार्क ह्यांच्या हातात.

तोंडी परीक्षेत त्यांनी तिला उंची आणि वेग देऊन विचारलं, गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला, जमिनीवर कधी पडेल? ती फळ्यावर लिहायला लागली, तोच साहेब ओरडले, “चूक! वरची दिशा प्लस, खालची मायनस. पुसा ते!”

सुनंदानं डस्टरला हातच लावला नाही. खालची दिशा प्लस धरूनच गणित शेवटाला नेलं.

“पाच सेकंद. आता तुमच्या रीतीनं करून बघा, सर.”

साहेबांनी कागद ओढला. आकडेमोड केली. पाच सेकंद.

“बरोबर आहे,” ते पुटपुटले. “पण खाली प्लस कशाला?”

“तुमच्याकडं काय असंल ते असू द्या, सर. आमचं पानी खाली हाय!”