मंगळवार-शुक्रवार सोडून

माझ्या बायकोच्या मामांना विचारल्याशिवाय धुळ्यात त्या काळी एकही बंद होत नसे, असं मी म्हटलं तर तिथले निम्मे पुढारी मान डोलावतील आणि उरलेले निम्मे माझ्या दारावर मोर्चा आणतील. मामा स्वतः कुठल्याच पक्षात नव्हते. पाटबंधारे खात्यात ते पूरनियंत्रणाच्या टेबलावर होते, म्हणजे अवर्षणाच्या मुलखात तीस वर्षं पुराची वाट बघत बसले होते. पूर काही आला नाही. मामा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची मूत्रपिंडंही निवृत्त झाली. तेव्हा इतकी वर्षं साठवलेली सगळी तयारी त्यांनी एकदम स्वतःवरच वापरायला काढली.

डायलिसिससाठी त्यांना पाळी मिळाली ती जळगावच्या एका दवाखान्यात, मंगळवारी आणि शुक्रवारी. धुळ्याहून एसटीनं यायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि परत जायचं. एक पाळी चुकली तर पाय सुजतात, दुसरी चुकली तर पाणी छातीत चढतं, असं डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरा कुणी हे ऐकून देवाला नवस बोलला असता. मामांनी पिशवी शिवून घेतली. तीत औषधं, बिनमिठाच्या दशम्या, दिवसभराचं पाणी मोजायची स्टीलची वाटी आणि तीन दिवस अडकून पडलो तर काय खायचं याची यादी. गळ्यात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड असे. त्यावर खात्यातल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘सदर इसम बेशुद्ध आढळल्यास त्यास केळे, नारळपाणी अथवा वरणाचे पाणी देऊ नये. डाव्या हातास सुई टोचू नये.’ केळ्यातलं पोटॅशियम मूत्रपिंडांवाचून अंगात साठतं आणि हृदय बंद पाडतं, पण केळ्यांच्या जिल्ह्यात केळ्याला एवढा भिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या डाव्या हाताला, जिथून रक्त मशीनकडे जाई, ते पाहुण्यांच्या पोरांना कान लावायला सांगत आणि आतली घरघर ऐकवत. “मोटर चालू शे ना? मंग झालं!”

पण रस्ता बंद झाला तर पिशवी काय कामाची? म्हणून मामा दर सोमवारी वही घेऊन एकेका पक्षाच्या कार्यालयात जात आणि विचारत, “तुम्हना बंद कव्हय शे?” कार्यकर्त्यांना आधी ते पोलिसांचे माणूस वाटले. मामांनी कार्ड दाखवलं आणि समजावलं, “मंगळवार-शुक्रवार सोडीसन काय बी करा.” ज्या पक्षांचं एकमेकांशी कशावरच पटत नसे, त्यांचं या दोन वारांवर मात्र एकमत झालं. पुढे पुढे कार्यकर्तेच घरी येऊन “आबा, बुधवार मोकळा शे का?” असं विचारू लागले. ठरलेला बंद कुणी मागे घेतला की मामांचं पित्त खवळे, कारण बंद लांबून पाळीच्या दिवसावर येईल या धास्तीनं ते बंदाच्या आदल्या दिवशीच वळकटीसकट जळगावात मेहरूणला आमच्या घरी येऊन दाखल झालेले असत. “शब्दाले काही किंमत शे का नही? बंद म्हनीसन जाहीर करतस आन दुकानं उघडी!” मामी पिशवी भरताना हसून म्हणत, “यांले यमबी तारीख इचारीसन येई.” नवरा भीत नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता!

एका शुक्रवारी मी धुळ्याहून त्यांच्याबरोबर परतत होतो. पारोळ्याला एक तरुण बाई सासूबरोबर गाडीत चढली. तीही मामांच्याच दवाखान्यात येणारी. सोबत यायला सासूला शेतातून सवड झाली नाही म्हणून तिची मंगळवारची पाळी चुकली होती, आणि चेहरा पुरीसारखा टम्म सुजला होता. एरंडोलच्या पुढे गाडी थांबली. वीज नाही, विहिरींवरच्या मोटारी बंद, केळी वाळताहेत, म्हणून शेतकरी रस्त्यावर बसले होते. त्यांच्यामागे कुठलाच पक्ष नव्हता, त्यामुळे मामांनी विचारायचं तरी कुणाला? पण माणसं मोठी अगत्याची. अडवलेल्या प्रवाशांना उपाशी कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी गाडीत केळ्यांचा घडच आणून ठेवला. त्या बाईनं केळं सोललं आणि मामांनी झडप घालून ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“फेक ते! जहर शे ते तुन्हासाठे!”

“आम्हना केयास्ले जहर म्हनतस, आबा?” पागोटेवाला म्हातारा शेतकरी भडकला. आता आम्हाला मार बसणार, या खात्रीनं मी चष्मा काढून खिशात ठेवला. मामांनी गळ्यातलं कार्ड खड्या आवाजात वाचून दाखवलं, मग तिचा सुजलेला पाय दाखवला. म्हातारा वरमला.

“मंग चहा तरी ल्या.”

“चहाबी नही.”

“मंग तुम्हले द्यावं तरी काय?”

“रस्ता,” मामा म्हणाले.

म्हाताऱ्यानं तो मिळवून दिला, पण आपल्या माणसांची समजूत घालण्यात त्याचे दोन तास गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोनपैकी एक मशीन सकाळपासून बिघडलेलं, आणि दिवसाची एकच पाळी शिल्लक. मशीनवरच्या तंत्रज्ञानं मामांचं नाव पुकारलं. ती बाई भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होती.

“पहिले तिले लावा,” मामा म्हणाले. “मन्ही तयारी शे, तिन्ही नही.”

“आबा, मग तुमचं उद्या सकाळीच. छातीत पाणी झालं तर?”

“दोनच घोट पेयेल शे. सकायलोंग टिकसू.”

ती रात्र त्यांनी आमच्या घरी उशांना टेकून बसून काढली, कारण आडवं झालं की दम लागत होता. धुळ्याला फोन करून मात्र मामींना त्यांनी सांगितलं, “गाडी चुकनी, बाकी मस्त शे.” सकाळी सातला त्यांना मशीनवर घेतलं. मी शेजारी बसलो होतो. तासाभरानं श्वास जरा सुधारल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“जवाईबापू, रातले मी भलता घाबरी गयतू. तसा तर रोजच घाबरस. तुमन्या मामीले सांगू नका.”

इतकी वर्षं मी या माणसाच्या पिशवीला आणि वहीला पोट धरून हसत आलो होतो. त्या सकाळी मला माझीच लाज वाटली. मामा त्यानंतर दीड वर्ष होते. मामींना मी कधीच काही सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मामीही गेल्या, म्हणून आज हे लिहायला हरकत नाही.