ताबा, पालकत्व आणि राठोडकाका

कोणाचाही अर्ज टाइप करण्याआधी राठोडकाका तो डोळे मिटून ऐकायचे. दिग्रसला कोर्टाच्या गल्लीत त्यांचं लहानसं दुकान होतं. मी आणि विनोद, माझा तेव्हाचा नवरा, संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज स्वतःच लिहून त्यांच्याकडे गेलो, ती हिवाळ्यातली दुपार होती. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांतला कापूस हवेत तरंगत दुकानात येत होता. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय, असं मला वाटत होतं.

मी वाचलं, "मुलगी तन्वी आईकडे राहील. वडिलांचा तिच्यावर हक्क राहणार नाही."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "कोणता हक्क?"

"सगळाच."

"सगळा असा शब्द कोर्टात नाही चालत, बाई. लेकरू कोणापाशी राह्यते, तो ताबा. शाळेचं, दवाखान्याचं कोण ठरवते, ते पालकत्व. आन ज्याच्यापाशी ते राहत नाही त्याचा भेटीचा हक्क. तू एका ओळीत बापाचे तिन्ही पुसून राह्यली."

इतका वेळ बाहेर पाहत असलेला विनोद हळूच म्हणाला, "अधूनमधून भेटू देलं तरी चालन मले."

"अधूनमधून म्हंजे कोणताच दिवस नाही. वार सांग."

मला राग आला. "काका, तुम्हाले काहून एवढं?"

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मी चार वर्साचा होतो तवा माही याडी, म्हंजे आई, आमचा बंजाऱ्यांचा तांडा सोडून गेली. पंचांनी मले बापापाशी ठेवलं. भेटीचं कोणी बोललंच नाही. तिच्या ओढणीवरचे आरसे आठवते मले. चेहरा नाही आठवत."

कापसाचा एक पुंजका कीबोर्डवर येऊन बसला. कोणीच तो उचलला नाही.

"रविवार," मी म्हणाले. "आन उन्हाळ्याची अर्धी सुट्टी. शाळा-दवाखान्याचं दोघंही ठरवू."

ताबा आईकडे, पालकत्व दोघांचं, भेटीचा हक्क वडिलांना, असं त्यांनी टाइप केलं आणि बजावलं, "मी वकील नोहे. दाखल कराच्या आधी वकिलाले दाखवजा."

मागच्या उन्हाळ्यात तन्वी ढाणकीला वडिलांकडे होती, तेव्हा तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. मी आर्णीहून पोहोचेपर्यंत विनोदनं पालक म्हणून सही करून तिला आत पाठवलंही होतं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिचा एक हात त्याच्या हातात होता, एक माझ्या.

हे सांगायला मी दिग्रसला गेले. दुकानात काकांची मुलगी बसली होती. "बा गेले. चार महिने झाले," ती म्हणाली. "काही काम होतं का?"

काम काहीच नव्हतं. तरी मी बाकावर बसले आणि तिला तन्वीचं सगळं सांगितलं.