न धरलेली पटाशी

दसऱ्याला गोव्यात, लाटंबार्शातल्या घरी बाबांची सुतारकामाची हत्यारं पाटावर मांडली, कापूर पेटवला, आणि त्या वासासरशी मला चीनमधलं ते जुनं गाव आठवलं.

तेव्हा मी बोटीवर नोकरीला होतो. बंदरापासून बसने आम्ही तिथे गेलो होतो. गल्लीभर कापराच्या लाकडाचा वास, पायाखाली सालपटं. एक म्हातारा खिडकीची जाळी कोरत होता. मी लाकडावरून हात फिरवला, त्यावरून त्याने मला सुताराचा मुलगा म्हणून ओळखलं असावं. हसून त्याने स्वतःची पटाशी माझ्यापुढे धरली. पण तो दसरा होता. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, म्हणून मी हात मागे घेतला. समजावायला भाषा नव्हती. त्याने पटाशीची मूठ सदऱ्याला नीट पुसून पुन्हा पुढे केली. मी पुन्हा मान हलवली. त्याचं हसू मावळलं.

आज हे बाबांना पहिल्यांदाच सांगितलं.

“अरे पिशा,” ते म्हणाले, “सुटी आमच्या हत्यारांक. त्याच्या हत्यारांक कोणें दिली?”

ती पुसलेली मूठ आठवत मी पाटासमोर बसून राहिलो. त्या दिवशी मी नक्की कुणाचा मान राखला होता?