रविवारचं

आमचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला तो एक सिनेमा अडकला म्हणून.

तेव्हा मी नेरूळ गावात, जुन्या घरांच्या बाजूला, भाड्याने राहत होते. लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. खालच्या मजल्यावर माझी बालवाडी होती आणि गच्चीवरच्या खोलीत घरमालकाचं केबलचं ऑफिस. घरमालक माझ्याच वयाचा, इथलाच, आगरी. वडिलांच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींत हा केबल पोचवायचा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बाई. त्याचा स्वतःचा एक लोकल चॅनल होता. त्यावर वाढदिवसांच्या शुभेच्छा, गणपतीची मिरवणूक आणि रविवारी सकाळी सिनेमा लागायचा.

त्या रविवारी गॅदरिंगची प्रॅक्टिस म्हणून मी पोरांना बोलावलं होतं. भाजीवाल्यांचा नाच बसवत होतो. कोणी वांगं, कोणी दुधी. तेवढ्यात भाऊ धावतच जिना उतरून आला.

"बाई, सीडी अडकली! हिरो मघापासून तोंड उघडून उभा हाय. फोनवर फोन. पाच मिनटं पोरांना वर आना ना, कॅमेऱ्यासमोर नाचवा. तवर मी दुसरी सीडी शोधतो."

"अहो, असं कसं? त्यांचे कपडे तरी..."

"वांगी झालीत ना? बस झालं!"

ऑफिसच्या खोलीत वायरींमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून कॅमेरा गच्चीवर काढला. नाच अर्धा झाला आणि दुधी झालेली मुलगी थांबली, कॅमेऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "आई, मी टीव्हीत आलेय. तू दिसत नाहीयेस पण." समोरच्या सेक्टरमधून तिच्या आईचा लगेच फोन आला, "तिला सांगा, मी बघतेय!" मी ते मुलीला सांगितलं. मग प्रत्येक भाजीला आपल्या आईशी बोलायचं होतं. दुसरी सीडी मिळाली तरी भाऊने लावली नाही. तो कॅमेऱ्यामागे उभा राहून पोट धरून हसत होता.

पुढच्या रविवारी लोकांनीच विचारलं, पोरांचं कधी आहे? मग तो कार्यक्रमच झाला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. सगळे 'रविवारचं' म्हणायचे. 'रविवारच्याला माझी मुलगी कोडं घालणार आहे,' असं बाया मला बाजारात थांबवून सांगायच्या. गाणी, कोडी, जादू, नकला, काय वाट्टेल ते. एका मुलाने नुसता कांदा सोलून दाखवला होता आणि रडला नाही म्हणून टाळ्या घेतल्या होत्या.

दोन आयटमच्या मध्ये फार गोंधळ व्हायचा, म्हणून मी एक चिंबोरी, म्हणजे खेकडीची बाहुली, केली. लाल मखमलीचा तुकडा, आत कापूस, नांग्यांच्या जागी कपड्यांचे चिमटे. ती हातात घालून मी बारीक आवाज काढायची. माझे ओठ हललेले सगळ्यांना दिसायचे, पण कोणाला फरक पडत नव्हता. पोरं माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलायची.

भाऊची आई त्याच घरात राहायची. गावात लग्नाचे धवले गायला तिला मानाने बोलवायचे, त्यामुळे आवाज असा की खालच्या रस्त्यावरची रिक्षा थांबावी. गच्ची म्हणजे तिची जवळा, ती अगदी बारीक कोलंबी, सुकवायची जागा. आम्ही दर रविवारी तिची चादर हलक्या हाताने बाजूला सरकवायचो. एकदा ती चादर आडोशाबाहेर, थेट कावळ्यांच्या तोंडाशी गेली.

कार्यक्रम लाइव्ह चालू होता. एक मुलगी कविता म्हणत होती. दार धाडकन उघडलं आणि आजी थेट कॅमेऱ्यासमोर.

"माजा जवला कोनी सरकवला? सगला कावल्यांनी खाल्ला!"

कविता थांबली. भाऊ कॅमेऱ्यामागून हातवारे करत होता, आये, बाजूला हो. ती कुठली होतेय. चिंबोरी माझ्या हातातच होती. तोंडातून चिंबोरीचाच आवाज निघाला, "आजी, मी नाही सरकवला हो!"

आजीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती चिंबोरीसमोर वाकली.

"तू कोन गं?"

"मी चिंबोरी."

"चिंबोरी गच्चीवर काय करते? खाडीत जा."

"खाडीत मला करमत नाही."

"मंग माज्या टोपात ये. मस्त कालवन करते तुजं. खोबरं वाटलेलंच हाय."

पोरं हसून लोळायला लागली. चिंबोरी घाबरून माझ्या पदरात लपली. आजी म्हणाली, "बग, भ्याली!" आणि उरलेला जवळा गोळा करून निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले, आजी कुठे आहे? मी तिला जाऊन विचारलं, आजी, याल का परत? ती म्हणाली, "मना काय काम नाय का?" आणि रविवारी नवी नऊवारी नेसून, केसात अबोली माळून सगळ्यांच्या आधी खुर्चीत येऊन बसली. तिला काही लिहून द्यायचा प्रश्नच नव्हता. ती यायची आणि चिंबोरीशी भांडायची. मध्येच खाडीतल्या गोष्टी सांगायची, गाणं म्हणायची. ते भांडण तिला खरं वाटायचं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा कॅमेरा बंद झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिला सांग, मी रागानं नाय बोलत."

असं छान चाललेलं असताना एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. रिटायर्ड ऑफिसर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी तोलून मापून. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी थेट गच्चीवरच आले.

"ताई, उपक्रम स्तुत्य आहे. पण माझी नात आता घरात 'पानी' आणि 'हाय' म्हणते. मुलांवर भाषेचा काय संस्कार होतोय, याचा विचार केलाय का?"

भाऊचा चेहरा उतरला होता. आजी खुर्चीतूनच म्हणाली, "बसा ना सायब. उनातून आलात. पानी घ्या."

त्यांनी घेतलं. दुसरं काय करणार? ते पाणी पीत असतानाच भाऊच्या माणसाने कॅमेरा चालू केला आणि ते आपोआप फ्रेममध्ये आले. एका पोरीने, नवीन पाहुणे दिसतात म्हणून, सरळ विचारलं, "काका, तुम्ही काय करून दाखवणार?"

ते गोंधळले. कॅमेऱ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. चष्मा काढून खिशात ठेवला, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि टिटवी ओरडली. खरोखरची टिटवी. पोरं वर आकाशात बघायला लागली. मग भारद्वाज झाला, मग कोकीळ. नोकरीभर आडगावी बदल्या झाल्या होत्या, संध्याकाळी करायला दुसरं काही नसायचं, असं नंतर त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी कोंबडा केला तेव्हा शेजारच्या घरातल्या खऱ्या कोंबड्याने उत्तर दिलं. आजीने टाळी वाजवली.

"सायब, पोटापुरती नोकरी केलीत. खरं काम हेच हाय तुमचं!"

ते इतके लाजले की तक्रार गच्चीवरच राहिली. त्यानंतर ते एक रविवार सोडून एक यायचे. आजीच्या गोष्टीत पक्षी आला की तो ओरडायचा कोणी, तर हे. नातीच्या 'पानी'चं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग घरोघरी डिजिटल सेट टॉप बॉक्स आले, मोठ्या कंपन्या आल्या आणि भाऊचा छोटा चॅनल बंद पडला. शेवटच्या रविवारी आम्ही नेहमीसारखाच कार्यक्रम केला. मुलांना भेळ दिली. आजीने विचारलं, "म्हंजे आता पुढच्या रविवारी नाय?" भाऊ म्हणाला, नाय. ती उठली आणि खाली कालवण टाकायला गेली. पुढच्या रविवारी मी सवयीने गच्चीत गेले. सगळीकडे जवळा पसरला होता, ऐसपैस.

आम्ही पुढे कामोठ्याला फ्लॅट घेतला. लॉकडाऊनमध्ये आमच्याच सोसायटीतली एक बाई खालून माझ्या गॅलरीकडे बघून ओरडली, "बाई! मी दुधी!" तीच ती. आता तिला स्वतःची मुलगी होती, घरात कोंडून कंटाळलेली. "बाई, आपलं रविवारचं मोबाइलवर करूया ना. मी बघते सगळं."

तिने खरंच सगळं बघितलं. प्रत्येक घरातून एकेक पोरगं व्हिडिओ कॉलवर आलं. नेरूळहून भाऊने आजीला जोडून दिलं. आजी नव्वदीला टेकलेली, एका कानाने कमी ऐकू येणारी. फोन म्हणजे कानाला लावायचा, हे तिचं पक्कं. त्यामुळे सगळ्यांच्या स्क्रीनवर फक्त एक मोठा कान दिसत होता, सोन्याच्या बुगडीसकट. पोरं त्या कानाशी मनापासून बोलली. कानाने त्यांना खाडीतल्या कोलंबीची गोष्ट सांगितली. भाऊ मागून, "आये, तोंड दाखव," म्हणत होता आणि आजी त्याला म्हणत होती, "गप रं, लाइव चालू हाय."

त्यानंतरच्या पावसाळ्यात आजी गेली. घरच्या माणसांत, जेवून खाऊन, झोपेतच. गावातल्या बायांनी तिला तिचेच धवले गाऊन निरोप दिला.

रविवारचं मात्र आता आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चालतं. दुधी मोबाइल स्टँडवर लावून शूटिंग करते, पालक खुर्च्या मांडतात. मराठी पोरांबरोबर बिहारी, मल्याळी पोरं येतात आणि सगळी मिळून कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेत बोलतात. मी आता कोणाचं बोलणं सुधारत नाही.

मागच्या रविवारी एक चार वर्षांची मुलगी समोर आली. कधीच पुढे न येणारी. मी विचारलं, "तू काय करणार?"

"मी काहीच नाही करणार," ती म्हणाली. "तोच माझा आयटम आहे."

खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि खरंच काही केलं नाही. पंखा फिरत होता. एरवी एक क्षण शांत न बसणारी पोरं श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. मग ती उठली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "संपला."

एवढ्या टाळ्या बऱ्याच दिवसांत कोणाला पडल्या नव्हत्या.