पुरेसं कारण

"बाई, तू खाली जाऊन बस. वास मारतोय."

हे माझे वकील बोलले. मीच नेमलेले, माझ्याच फीवर. पालघरच्या कोर्टात, दाराशी, चार माणसांदेखत, नाकाला रुमाल लावून. त्या पहाटे होडी आली होती. बोंबील टांगून, अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून मी चिंचणीहून एसटी धरली होती. पण हातांचा वास साबणानं जात नाही. ह्याच साहेबांनी दिवाळीच्या आधी माझ्याकडून पापलेट नेलं होतं. तेव्हा नाक घरी ठेवून आले असावेत.

मी विचारलं, पुकारा झाला तर? ते म्हणाले, मी आहे ना, बोलावून घेतो. मी खाली गेले, गाड्या लावतात तिथं भिंतीला टेकून बसले. वकील म्हणजे शहाणा माणूस, असं आमच्याकडे अजून मानतात.

अपील आमच्या वाळवणाच्या जागेचं होतं. किनाऱ्यालगत बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीनं टांगायचे. सासूच्या सासूपासून आम्ही बायका तिथंच टांगतो. बोईसरच्या एका कारखानदाराला तिथं बंगला हवा होता. खालच्या कोर्टात तो जिंकला. मी निकालाची नक्कल काढली, स्टॅम्प लावला, मुदतीत अपील केलं. अपील चालू होतं तोवर जागेला कोर्टाची स्थगिती होती. अपील गेलं की कुंपण आलं, आणि कुंपण आलं की आम्ही बायका रस्त्यावर.

दुपार कलली तरी कुणी बोलावलं नाही. शेवटी मीच वर गेले. अपील फेटाळलं होतं. पुकारा झाला तेव्हा साहेब दुसऱ्या कोर्टात एका बिल्डरच्या कामात होते. कागदावर लिहिलं होतं, अपीलकर्ती गैरहजर. मी त्याच इमारतीच्या पायथ्याशी बसलेली, आणि गैरहजर.

चोराच्या उलट्या बोंबा. साहेब मलाच म्हणाले, कुठं तडमडली होतीस?

दोन दिवसांनी सासूला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांना काडीची लाज नव्हती. हे रोजचंच आहे, म्हणाले. तीस दिवसांत अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, गैरहजर राहायला पुरेसं कारण होतं हे दाखवायचं, म्हणजे अपील पुन्हा उभं राहतं. प्रतिज्ञापत्र टाईप करून तयार होतं. त्यांनी सहीची जागा दाखवायच्या आधीच मी वाचायला घेतलं, तर त्यांना नवल वाटलं. मी दहावी झाले आहे. ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"अर्जदार अशिक्षित मच्छिमार महिला असून तिथीवरून दिवस मोजते. त्यामुळे तिची तारखेची चूक झाली."

तिथी आम्ही मोजतोच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा जाळं लावायचं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरतीला, पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाळी शिवायची. तिथी चुकली तर घरात चूल पेटत नाही. आणि ज्या हिशेबावर आमची पोटं भरतात, तो ह्या माणसानं आमचा अडाणीपणा म्हणून टाईप करून आणला होता. स्वतःची चूक झाकायला.

मी म्हटलं, मी हजर होते. ते हसले. अडाणी बाई लिहिलं की कोर्टाला दया येते, म्हणाले.

सासू हळूच म्हणाली, "कर गो सही. जागा वाचली म्हंजे झालं. आपण अडाणीच हाय."

हिनं वाऱ्यावरून पाणी ओळखून उभा जन्म घर चालवलं. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तिचा राग नाही आला. ज्यांनी तिला हे शिकवलं, त्या सगळ्या रुमालवाल्यांचा आला.

"मी सही करणार नाय," मी म्हटलं. "ह्ये खोटं हाय."

"खरं लिहिलंस तर माझं नाव येईल."

"येऊ दे."

वकीलपत्र काढून घेतलं. केस सोडायला हरकत नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. घरी येऊन अर्ज मराठीत स्वतः लिहिला. मी हजर होते. माझ्या वकिलांनी मला माशांचा वास येतो म्हणून खाली बसवलं, त्यामुळे पुकारा ऐकू आला नाही. कोर्टात जाऊन शपथ घेतली, सही केली, मुदतीत दाखल केला.

मग साहेबांचा निरोप आला. ते वाक्य काढ, केस फुकट चालवतो. एवढा मोठा माणूस, आणि एका कोळणीच्या एका वाक्याला घाबरला. मला त्याची कीव आली नाही. किळस आली.

अर्जावर अजून निकाल नाही. स्थगिती गेली, पण कुंपण अजून आलेलं नाही. सासू रोज विचारते, जागा गेली तर? मी तिला खोटा धीर देत नाही. जाऊ शकते. माझं कारण पुरेसं आहे की नाही, ते न्यायाधीश ठरवतील. पण अर्ज फेटाळला तर त्या हुकमावरही वरच्या कोर्टात अपील करता येतं. मी विचारून ठेवलं आहे. तिथंही मीच लिहीन, आणि तेच लिहीन.