आगाऊ आभार

आमच्या गास गावात नापास होणं ही कुणाची खाजगी बाब नसते. मी चार वेळा नापास झाले. त्यातल्या दुसऱ्या वेळी तर सकाळी पाव देणाऱ्यानेच सायकलवरून विचारलं, "काय, परत का?" मी पावाची पिशवी घेतली आणि फाटक जरा जोरात आपटलं.

परीक्षा होती बॉयलरची. मी मेकॅनिकल इंजिनिअर आणि नोकरीला वसई पूर्वेच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात. तिथे सगळं वाफेवर चालतं, आणि बॉयलरच्या नोंदवहीत परवाना असलेल्या इंजिनिअरची सही लागते. परवान्यासाठी आधी लेखी, मग तोंडी परीक्षा. आमच्याकडे सहीपुरते एक म्हातारे साहेब होते. ते पंधरा दिवसांनी एकदा यायचे, चहा प्यायचे, मागच्या सगळ्या सह्या एका दमात करायचे आणि बॉयलरला लांबूनच नमस्कार करून निघून जायचे. उरलेले चौदा दिवस बॉयलर माझ्या गळ्यात. जे काम मी करते त्याखाली माझं नाव असावं, एवढाच माझा हट्ट होता. त्यासाठी मी अगदी इरेला पेटले होते.

पहिल्यांदा लेखीतच आपटले. दुसऱ्यांदा काठावर, पण काठाच्या अलीकडे. तिसऱ्यांदा तोंडीपर्यंत पोचले. परीक्षकांनी विचारलं, "पाण्याची पातळी दाखवणारी काच रिकामी दिसली, तर काय कराल?"

मी म्हणाले, "काकांना हाक मारीन." काका म्हणजे आमचा बॉयलर प्रत्यक्ष चालवणारे. खाडीकडच्या गावातले, उभी हयात भट्टीसमोर गेलेली.

"आणि काका रजेवर असतील तर?"

"फोन करीन."

कारखान्यात काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "म्याडम, पानी दिसला नाय तर आधी आग बंद करायची," ते म्हणाले. "थंड पानी आत सोडायचा नाय. फोन नंतर." हे मला पुस्तकातून पाठ होतं. खुर्चीवर बसल्यावर मात्र तोंडातून फोनच बाहेर पडला.

चौथ्या वेळी मी पूर्ण तयारीने गेले. या खेपेला परीक्षक वेगळे होते. त्यांनी बॉयलरचं काही विचारण्याआधी विचारलं, "एवढ्या गरमीत तुम्हाला कशाला हे? एखादं डिझाइनचं वगैरे काम बघा की." मी म्हणाले, "तुम्हाला एसीत बसून प्रश्न विचारणं जमतं, मला भट्टीपुढे उभं राहणं जमतं. ज्याचं त्याला." घरी येऊन आईला सांगितलं की परीक्षा झकास झाली. मला मनापासून तसंच वाटत होतं.

आता आईचं सांगते. आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, कुणाच्या हेतूसाठी आहे ते फादर सुरुवातीला वाचून दाखवतात, आणि रविवार मिळवायचा तर ऑफिसात फार आधी नाव द्यावं लागतं. मी चौथ्यांदा फॉर्म भरला त्याच आठवड्यात आईने जाऊन निकालानंतरचा एक रविवार अडवून ठेवला होता. हेतू, मुलीच्या यशाबद्दल आभार. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी विचारलं तर म्हणाली, "आधी आभार मानले की देवालाच लाज वाटते, मग तो देतो."

देवाला काही लाज वाटली नाही. निकाल लागला शुक्रवारी, मिस्सा रविवारी. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता जाऊन हेतू बदल. आई म्हणाली, "देवाला दिलेले आभार परत मागायचे? मला नाही जमणार." रविवारी फादरनी वेदीवरून माझं पूर्ण नाव घेऊन परीक्षेतल्या यशाबद्दल आभार मानले. बाहेर अंगणात माझा हात दुखेपर्यंत लोकांनी हस्तांदोलन केलं. शेजारच्या मावशीने वेलची केळ्यांची फणी आणून दिली. मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होते आणि जमीन दुभंगायची वाट बघत होते. केळी मात्र गोड होती.

गावापुरतं राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर आमच्याच आळीतला. सोमवारी कारखान्याचे मालक शेठ पेढे घेऊन हजर. सहीवाले साहेब महिनाअखेर सोडून जाणार होते, त्यामुळे शेठच्या आनंदाला पारावार नव्हता. त्यांनी नोंदवही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं.

मी म्हणाले, "शेठ, मी नापास आहे."

 शेठ वही तशीच माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण सगळ्यांना माहितीय ना पास म्हणून? मग कोण बघतंय? ठोकून द्या सही."

खोटं कशाला बोलू, पेन माझ्या हातात होतं आणि हात आवरायला मला वेळ लागला. चार वर्षं ज्या रकान्याकडे बघत होते तो समोर रिकामा होता. काका दारात उभे राहून माझ्याकडेच बघत होते. मी पेन परत दिलं. शेठने पेढ्यांचा पुडाही परत नेला. मग साहेबांच्या हातापाया पडून त्यांना आणखी काही महिने थांबवलं.

पाचव्यांदा मी पास झाले. काच रिकामी दिसली तर काय, हे परीक्षकांनी पुन्हा विचारलं. मी आग बंद केली.

परवाना घेऊन घरी आले तर आईचे डोळे भरून आले. तिने तो तीनदा वाचला आणि सरळ कपाटात साड्यांखाली ठेवला. "कोणाला बोलू नको," ती कुजबुजली. "गावाला वाटतं तू मागेच पास झालीस." मला रडूच कोसळलं. नापास झाल्याची बातमी पाववाल्यापर्यंत जाते, आणि पास झाल्याची साड्यांखाली!

तेवढ्यात शेजारची मावशी कढीपत्ता न्यायला आली. तिची मुलगी सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली होती आणि आता पुस्तकं रद्दीत टाकते म्हणत होती. "सगळ्यांना तुझ्यासारखं कुठे जमतं गं?" मावशी मला म्हणाली. "तू कशी चौथ्या खेपेला झालीस!"

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी कपाट उघडून परवाना मावशीच्या हातात दिला. "मावशी, तारीख बघा. चारदा नापास झाले मी. तुम्ही केळी दिलीत त्या दिवशीसुद्धा नापासच होते."

"चारदा?" मावशीचा चेहरा असा उजळला की मला आधी रागच आला. "खरंच चारदा?" कढीपत्ता तिथेच टाकून ती अंगणातूनच मुलीला हाका मारत पळाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गासला कळलं. मी चार वेळा नापास झाले तेव्हा आई एकदाही माझ्यावर रुसली नव्हती. पास झाल्यावर मात्र ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.